आराम बिलकुल नहीं

यंदाही मलिहाबादचा दसहरी आमच्या गल्लीत आला आणि यंदाही माझी जीभ बघायला कुणी आलं नाही. ठेलेवाल्यानं दारात आरोळी दिली, मी घासाघीस केली, तो म्हणाला, "आपसे क्या ज्यादा लेंगे," आणि नेमके जास्तच घेतले. आंबे बादलीत पाण्यात सोडले. आता संध्याकाळपर्यंत घरभर तो वास राहणार. इतरांच्या तोंडाला या वासानं पाणी सुटतं. माझ्याही सुटतं, नाही असं नाही, पण त्याच्या मागोमाग बिनहळदीचा, बिनफोडणीचा, पांढराफटक उकडलेला दुधी डोळ्यांसमोर येऊन उभा राहतो. एका उन्हाळ्यात मी इतका दुधी खाल्लाय की बाजारात दुधी मला ओळखत असेल.

तो सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचा उन्हाळा. आम्ही लखनौला येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. यांची नोकरी अमौसीच्या विमानतळावर, विमानांशी बोलायची रेडिओयंत्रं सांभाळायची. दिवसभर विमानांचं बोलणं ऐकणारा माणूस घरी आल्यावर एक अवाक्षर बोलत नाही, हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. घर सरोजिनी नगरात, कानपूर रोडपासून जरा आत, भाड्याचं. डोक्यावरून विमानं जायची. घरात घड्याळ होतं, पण यांचा भरवसा विमानांवर. "दिल्लीचं गेलं, गोळी घे." दिल्लीचं विमान उशिरा आलं की माझी गोळी उशिरा. एकदा ते विमान रद्द झालं, तर गोळीही रद्द!

आजारी पडायच्या आधी मी कादंबरी लिहीत होते. पहिली कादंबरी कराडला असताना छापून आली होती, दोन-चार लोकांनी बरं म्हटलं होतं, आणि मग बदली झाली. लखनौला आल्यावर हात आखडला. आखडणार नाही तर काय? भाजीवाल्याशी हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, लेकीला मराठीत हाक मारली तर ती "हाँ आई, आ रही हूँ" म्हणून येणार. मराठी बोलायला उरले हे, आणि यांचं सांगितलंच. मला मनातून फार भीती वाटायची. आपली मराठी आटत चाललीय, मे महिन्यातल्या आडासारखी, आणि एक दिवस दोर सोडला तर नुसता भांडं आपटल्याचा आवाज येईल, असं वाटायचं. म्हणून ही दुसरी कादंबरी मला हवीच होती. ती पुरी झाली तर मी लेखिका, नाही तर सरोजिनी नगरातली एक बाई, जिला पूर्वी लिहिता यायचं.

कादंबरी कृष्णाकाठच्या गावातली. नायिका यमुना. सासू खाष्ट, नवरा मुखदुर्बळ, यमुना गुणी. यमुना शेवटच्या आधीच्या प्रकरणात तापानं अंथरूण धरणार आणि शेवटच्या प्रकरणात मरणार, असं पक्कं ठरलेलं. प्रकाशकांनी पुण्याहून कळवलं होतं, "शेवट असा करा की वाचणाऱ्या बाईचा पदर भिजला पाहिजे. दसऱ्यापर्यंत पाठवा." मी यमुनेला मोठ्या हौसेनं तापात पाडलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मीच काविळीनं आडवी झाले. करावं तसं भरावं, दुसरं काय!

डॉक्टर निगम आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसायचे. वयस्कर, बारीक, लूच्या गरम झळा चालू असताना छत्री घेऊन पायी घरी यायचे. लखनौचा माणूस. जीभ बाहेर काढा, असं सरळ सांगणं त्यांच्या जिवावर यायचं. "जरा जबान दिखाने की तकलीफ कीजिएगा." मी तकलीफ करायची. मग पापण्या खाली ओढून डोळे बघायचे आणि तिथं माझी माफी मागायचे. पथ्य सांगताना मात्र गृहस्थ कसाई झाला. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. दुधी, परवर, तोरी, मुळ्याच्या पानांचा रस. आम? "आम का तो नाम न लीजिए." आणि सगळ्यात शेवटी, छत्री उघडता उघडता: "दिमागी काम भी बंद. न लिखना, न पढना."

आंबा एकवेळ सोडला असता. पण वाचायचं नाही म्हणजे काय? मला काहीतरी वाचल्याशिवाय घास गिळत नाही. भेळेचा कागदसुद्धा मी आधी वाचते आणि मग टाकते. आता घरातली पुस्तकं यांनी कपाटात घातली आणि किल्ली जानव्याला बांधली. मग मी औषधाच्या बाटलीवरचं वाचलं. भिंतीवरचं जुनं पंचांग वाचलं, त्यातले विवाहमुहूर्त वाचून कुणाकुणाची लग्नं लावली. उशीखाली पाककृतींचं पुस्तक लपवलं होतं, ते कादंबरीसारखं वाचलं, पहिल्या पानापासून. सुरळीच्या वड्यांपर्यंत आले आणि डोळ्यांतून पाणीच आलं. इथल्या मराठी मंडळाच्या कपाटातली दोन पुस्तकं होती. त्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाची शेवटची पानं गेलेली असायची, त्यामुळे लखनौच्या मराठी माणसांना रहस्यकथेत खून कुणी केला ते आजतागायत माहीत नाही. एखादं पुस्तक सापडलं की हे जप्त करायचे, व्हरांड्यात बसून स्वतः वाचायचे आणि आत येऊन सांगायचे, "वाचण्यासारखं काही नाहीये गं त्यात."

यांचा आणखी एक कार्यक्रम चालायचा. यांच्या कचेरीतल्या एकाची मलिहाबादला बाग, त्याच्याकडून पेटी आली होती. बायकोसमोर खायला नको म्हणून हे न्हाणीघरात जाऊन आंबे खायचे. कडी लावून! बाहेर येताना मिशीला दसहरीचा वास, आणि चेहरा असा की आत जप करत होते.

डॉक्टर एक दिवसाआड यायचे आणि आल्याबरोबर विचारायचे, "कहिए बहनजी, आराम है?"

आता हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच झोंबला. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'आराम हराम आहे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्यातून मी बाईमाणूस. आमच्याकडे दुपारी पाठ टेकलेल्या बाईनं आराम करतेय असं कबूल करायचं म्हणजे चोरी कबूल करण्यासारखं. आणि हा भला माणूस येता-जाता मला विचारणार, काय, आराम चाललाय ना? मी बाणेदारपणे म्हणायची, "नहीं डॉक्टरसाहब, आराम बिलकुल नहीं!"

त्यांचा चेहरा पडायचा. "बिलकुल नहीं?"

"जरा भी नहीं." खोटं का बोलू? मी आजारी होते. आजारी असणं वेगळं आणि आराम करणं वेगळं.

ते पुन्हा डोळे बघायचे. "आँखें तो साफ लग रही हैं," असं पुटपुटायचे. पण लखनौचा डॉक्टर, मरीजचं बोलणं खोडायचं कसं? "आप कहती हैं नहीं है, तो नहीं है," असं म्हणून आणखी एक बाटली लिहायचे, आणि जाताना पुन्हा तेच: लिहिणं नाही, वाचणं नाही, आंबा नाही.

हे एकदा म्हणाले, "अगं, आराम आहे म्हणून सांगून टाक की. खूश होईल तो."

"तुम्ही सांगा ना, तुमचा चाललाय न्हाणीघरात!" म्हटलं. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

दुपारी मिश्राइन यायची. शेजारच्या मिश्राजींची बायको, माझ्यापेक्षा थोडी मोठी, अंगानं भक्कम, मनानं त्याहून. खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला, त्यावर पाणी मारायची, पंखा हातात घ्यायची आणि म्हणायची, "हाँ भाभीजी, फिर क्या हुआ?" लिहायला बंदी होती, सांगायला नव्हती. मी माझ्या हिंदीत तिला यमुना सांगायची. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. पण मिश्राइनला सगळं समजायचं, निदान ती मान तशी हलवायची. खरं सांगते, असं ऐकणारं माणूस मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. यमुनेच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तेव्हा ही उठून आमच्याच स्वयंपाकघरातलं दूध झाकून आली.

मी सांगितलं, "फिर सास ने यमुना को बहुत शिक्षा दी. रोज शिक्षा. सुबह भी, शाम को भी."

मिश्राइनचे डोळे भरून आले. "ऐसी सास भगवान सबको दे!"

मला वाटलं, टोमणा मारतेय. बाईला विनोदाचं अंग आहे, म्हटलं.

पुढे यमुना तापात पडली. मिश्राइनचा पंखा थांबला. दुसऱ्या दिवसापासून ती आत येतानाच विचारायची, "यमुना को आराम हुआ?"

"कहाँ! उसके नसीब में आराम नहीं है," मी म्हणायची. सून माणसाला आराम कुठला?

जेठ महिन्यातले मंगळवार लखनौत मोठे. रस्त्यारस्त्यावर मांडव, येईल त्याला पुरी-भाजी आणि सरबत, हनुमानाच्या देवळापुढे रांगा. त्या उन्हात मिश्राइन रांगेत उभी राहून आली, चेहरा लालबुंद, आणि माझ्या उशाशी बुंदीच्या दोन पुड्या ठेवल्या. म्हणाली, "एक आपके नाम की, और एक यमुना के नाम की. हमने कहा, बजरंगबली, दोनों को आराम दो."

जी बाई माझ्या डोक्याबाहेर कुठं राहत नव्हती, तिच्यासाठी कुणी भर लूमध्ये अनवाणी उभं राहून आलं होतं. आणि मी तिला मारायला बसले होते, कारण पुण्यात कुणाचा तरी पदर भिजायला हवा होता. मला फार लाज वाटली. आणि रागही आला, कारण दुसरा शेवट मला सुचत नव्हता. आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या चांगल्या कादंबऱ्यांत गुणी बाई मरतच होती. ज्यांत जगली असेल, त्यांची शेवटची पानं मंडळाच्या कपाटात गळलेली. मग यमुना तशीच पडून, मी तशीच पडून. आणि दोन्ही पुड्या? तळलेलं मला चालत नाही म्हणून यांनी खाल्ल्या. यमुनेचीसुद्धा.

दसहरीचे दिवस सरत आले. ठेल्यावरचा माल सुरकुतला. मला चांगली भूक लागत होती, अंगात तरतरी होती, शिडीवरून गच्चीत जाऊन लोणच्याची बरणी उन्हातून आणण्यापर्यंत मजल गेली होती. त्याच दिवशी डॉक्टर आले तेव्हा मिश्राइन बसलेली होती.

"कहिए बहनजी, आराम है?"

"नहीं डॉक्टरसाहब, बिलकुल नहीं."

मिश्राइन किंचाळलीच. "हाय राम! भाभीजी, आराम नहीं है? अभी तो आप इत्ती बडी बरनी लेके सीढी से उतरीं!"

"वही तो!" मी म्हटलं. "आराम कहाँ है?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फार हळू, एखाद्या नाजूक रुग्णाशी बोलावं तसं म्हणाले, "बहनजी, बुरा न मानें. आपकी मराठी में आराम किसको कहते हैं?"

मी पलंगावर पाय पसरले, हात डोक्याखाली घेतले आणि डोळे मिटून दाखवलं.

डोळे उघडले तर डॉक्टर निगम खुर्चीत नव्हते. ते उठून भिंतीला टेकले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मिश्राइन पदर तोंडात कोंबून खाली बसली होती. हे व्हरांड्यातून जप्त केलेलं पुस्तक हातात घेऊन धावत आले. "काय झालं? काय झालं?"

काय होणार! इथं आराम म्हणजे बरं वाटणं. दुखणं उतरणं. तो भला माणूस सबंध उन्हाळाभर मला विचारत होता, बरं वाटतं का, आणि मी छाती पुढे काढून सांगत होते, छे, मुळीच नाही! "आप तो कब की ठीक हैं," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "मैं तो घबराकर आपको बडे अस्पताल भेजने वाला था." सगळी बंदी तिथल्या तिथं उठली. मी पहिलं काय विचारलं असेल? "आम?" "दसहरी तो गया," मिश्राइन म्हणाली, "मगर चौसा अभी आएगा."

डॉक्टर गेल्यावर तिच्या लक्षात आलं. "तो यमुना? उसको भी आराम... मतलब, वो अभी बीमार है?"

"बीमार है."

"कोई बात नहीं. सास इतनी पढी-लिखी है. बहू को पढाया, लिखाया, अब सेवा भी करेगी."

"पढी-लिखी? किसने कहा?"

"आप ही ने तो कहा, रोज शिक्षा देती थी."

अगं बाई! शिक्षा! मी तोंड उघडलं, समजावून सांगायला. ती म्हातारी चटके देते, उपाशी ठेवते, असं सगळं जिभेवर आलं. आणि मी तोंड मिटलं. मिश्राइनच्या यमुनेची सासू माझ्या यमुनेच्या सासूपेक्षा इतकी चांगली होती की तिला बिघडवायला जीभ रेटेना.

त्या संध्याकाळी यांनी जानव्याची किल्ली सोडून दिली. हवं ते वाचायला कपाट उघडं होतं, पण मी पुस्तकाला हात लावला नाही, कागद घेतले. आराम, आराम, हा शब्द डोक्यात घोळत होता, आणि घोळता घोळता दुसऱ्याच एका आवाजात ऐकू आला. माझ्या आईच्या. गावात कुणाच्या घरी दुखणं असलं की आई पदराखाली पेजेची वाटी घेऊन जायची आणि उंबऱ्यातूनच विचारायची, "आराम पडला का गं?" म्हणजे हा शब्द माझ्याच घरचा! मी शहरात शिकले, चार पुस्तकं वाचली आणि आराम म्हणजे लोळणं एवढंच लक्षात ठेवलं. घरचा शब्द मला परत द्यायला लखनौचा डॉक्टर छत्री घेऊन एक दिवसाआड येत होता, आणि मी त्याला हाकलत होते. मी रडले. आड आटला नव्हता हो. दोरच आखूड पडत होता.

यमुना तापात पडलेली. सासू दारात घुटमळते. तिला माफी मागता येत नाही, तिच्या पिढीत कुणी शिकवलेलीच नव्हती. हातात पेजेची वाटी. आत येते, वाटी खाली ठेवते आणि भिंतीकडे बघत विचारते, "आराम पडला का?" तिथं मी कादंबरी संपवली. चौशाच्या रसाचे दोन डाग आहेत त्या कागदावर. तब्येतही त्यानंतर अशी सुधारली की जुने ब्लाऊज उसवावे लागले.

प्रकाशकांचं उत्तर आलं. पदर पुरेसा भिजत नाही, पण चालेल. मात्र 'आराम पडला' हे हिंदी वळणाचं आहे, उत्तरेत राहिल्यानं असं होतं, तरी तिथं 'बरं वाटतं का' केलं आहे. मी अशी भडकले! आंतर्देशीय पत्राच्या कडेकडेनं लिहून कळवलं, की उत्तरेचं नाही, कृष्णाकाठचं आहे, माझ्या आईचं आहे, बदलायचं असेल तर बाड परत पाठवा. हे म्हणाले, "एका शब्दासाठी?" मी म्हटलं, "त्याच्यापायी सबंध उन्हाळा दुधी खाल्लाय मी!" शब्द राहिला.

पुस्तक आलं तेव्हा थंडी पडायला लागली होती. मिश्राइन गच्चीत उन्हाला बसून मटार सोलत होती. मी प्रत तिच्या हातात दिली. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक कपाळाला लावलं, चष्मा चढवला आणि सरळ शेवटचं पान काढलं. मराठी तिला येत नव्हती, पण अक्षरं तीच. ओळीखाली बोट ठेवून, लहान मुलीसारखी, एकेक शब्द लावत गेली. बरंचसं कळत नव्हतं, बोट पुढे सरकत होतं. मग एका जागी थांबलं.

"आराम," ती म्हणाली. मग पुढचा शब्द लावला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. "पडला? गिर पडा?"

"नहीं नहीं. हुआ. आराम हुआ क्या, सास पूछ रही है."

"हाँ, वो तो पूछेगी ही." तिनं पान उलटलं. मागे कोरं. परत आधीचं पान बघितलं. "और यमुना ने क्या कहा?"

"किताब यहीं खतम है, भाभी."

"वो तो ठीक है. यमुना ने क्या कहा?"

आता तिला काय सांगू, की असा शेवट वाचकावर सोडलेला असतो, त्यात खुबी असते? ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती, बोट त्या प्रश्नचिन्हावर तसंच दाबलेलं.

"कहा, हाँ," मी म्हटलं. "आराम है."

मिश्राइननं मोठा श्वास सोडला. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि मटाराची शेंग हातात घेतली. मग माझ्यावर रागावून म्हणाली, "तो लिखना था ना, भाभीजी! इत्ते लोग पढेंगे, सब बेचारे परेशान होंगे."